चीज फाटू नये म्हणून

अमेरिकेत मॅकरोनी अँड चीज दोन रूपांत नांदतं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कृष्णवर्णीय कुटुंबांत ओव्हनमधून निघणारा, वरून खरपूस झालेला मोठा ट्रे हे एक रूप. किराणा दुकानातला निळा खोका हे दुसरं. पहिल्याचा अभिमान असणारे दुसऱ्याला नाकं मुरडतात. मला दोन्ही मनापासून आवडतात. दोन्हींची खटपट एकाच गोष्टीसाठी आहे: चीज वितळलं पाहिजे, पण फाटता कामा नये.

पास्ता, लोणी आणि चीज एकत्र वाढायची रीत जुनी. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास केलेल्या संग्रहात तशी कृती आहे. १७६९ साली एलिझाबेथ रॅफल्ड यांनी छापलेल्या कृतीत मॅकरोनी, साय, पिठात घोळवलेलं लोणी आणि वर पार्मेझान आहे. म्हणजे आजच्या सॉसचा पाया तेव्हाच घातला गेला होता.

अमेरिकेत या पदार्थाचं श्रेय सरसकट थॉमस जेफरसन यांना दिलं जातं, ते मला पटत नाही. १७८४ मध्ये जेफरसन पॅरिसला गेले तेव्हा त्यांनी जेम्स हेमिंग्ज या एकोणीस वर्षांच्या गुलाम तरुणाला फ्रेंच स्वयंपाक शिकवण्यासाठी सोबत नेलं. हेमिंग्ज शिकले आणि जेफरसन यांच्या पॅरिसमधल्या घरचे मुख्य आचारी झाले. मायदेशी परतल्यावर त्यांना स्वातंत्र्य मिळालं ते एका अटीवर: आपली विद्या दुसऱ्याला शिकवायची. धाकटे भाऊ पीटर यांना तयार करून १७९६ मध्ये ते मोकळे झाले. जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी आजही जपून ठेवलेली आहे. १८०१ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्या मेजवानीत मॅकरोनी पाय (pie) हा पदार्थ वाढला गेला. मनॅसे कटलर या पाहुण्याला त्यातल्या नळ्या कांद्याच्या वाटल्या आणि चव उग्र लागली. यात कांदा नाही, हा इटालियन पदार्थ आहे, असा खुलासा जेफरसन यांचे सचिव मेरिवेदर लुईस यांना करावा लागला. हेमिंग्ज यांनी हा पदार्थ शोधला असं म्हणता येणार नाही. पण जेफरसन यांच्या घरात फ्रेंच पाककला रुजवली ती त्यांनी, आणि दक्षिणेकडच्या बड्या घरांत तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या रांधला तो बहुतांशी अशाच गुलाम आचाऱ्यांनी. आज सोल फूडच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या पारंपरिक स्वयंपाकाच्या, पंगतीत त्याला मानाचं पान आहे, ते हक्काचंच आहे.

आता चीज का फाटतं, ते पाहू. चीजमध्ये केसीन या प्रथिनाची जाळी असते. ती कॅल्शियमने बांधलेली असते आणि स्निग्धांश तिच्यात अडकलेला असतो. आच जास्त झाली की जाळी आवळते, तेल बाहेर पडतं आणि तळाशी रबरी गोळा उरतो. घरचा उपाय म्हणजे मैदा. दोन मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा, पण रंग बदलू द्यायचा नाही. अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत ढवळायचं. चमच्याच्या पाठीवर सॉस चिकटून राहिला आणि बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की गॅस बंद. मगच किसलेलं चेडर, साधारण दोनशे ग्रॅम, मूठमूठ घालायचं. चिमूटभर मोहरीची पूड घातली तर चीजची चव उठून येते. मॅकरोनी किंचित कच्चीच उतरवावी आणि ओव्हनमध्ये ठेवायची असेल तर सॉस पातळसर ठेवावा, कारण ती तो शोषून घेते.

दुसरा उपाय क्षारांचा. १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी सोडियम सायट्रेट वापरून चीज न फाटता वितळवलं. हा क्षार कॅल्शियमला खेचून घेतो, जाळी सैलावते आणि स्निग्धांश सॉसमध्ये एकजीव राहतो. शिकागोचे जेम्स क्राफ्ट यांनी १९१६ मध्ये प्रोसेस्ड चीजचं पेटंट घेतलं आणि १९३७ मध्ये, मंदीच्या दिवसांत, क्राफ्ट डिनरचा खोका एकोणीस सेंटला बाजारात आला. त्यात चार माणसांचं जेवण होत असे. महायुद्धात मांस आणि दूधदुभत्याची टंचाई झाली. रेशनच्या एका कुपनावर दोन खोके मिळू लागले आणि घराघरांत त्याची सवय झाली. कॅनडात तर तो नुसत्या केडी या नावाने ओळखला जातो. २०१६ च्या सुमारास अमेरिकेतल्या खोक्यातले कृत्रिम पिवळे रंग गेले आणि त्यांची जागा पॅप्रिका, शेंदरी आणि आपल्या ओळखीच्या हळदीने घेतली. खोका करताना मी गरम मॅकरोनीत आधी लोणी घोळवते, मग खोक्यातली चीजची पूड आणि शेवटी दूध. अशाने गुठळ्या होत नाहीत.

आपल्याकडे मुंबईच्या शाकाहारी हॉटेलांत अननस घातलेली बेक्ड मॅकरोनी मिळते. तीही याच कुळातली, थोडी गोडसर. घरी करताना मात्र अमूलच्या क्यूबला कमी लेखू नये. त्यात सोडियम सायट्रेट असतं, त्यामुळे चेडरच्या सॉसमध्ये एक-दोन क्यूब किसून घातले तर मुरलेलं चेडरही सहसा फाटत नाही. उरलेली मॅकरोनी दुसऱ्या दिवशी गरम करताना दोन चमचे दूध घालून, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर ठेवावी.