औंधचे अप्पासाहेब आणि केनियाची जमीन

रेडिओच्या बातम्यांत 'राजदूत' हा शब्द नेहमी येतो. मागे रिसोडकडच्या एका गटातून निरोप आला की, ताई, हा राजदूत नेमकं करतो तरी काय? पगार आपला खातो आणि राहतो परक्या देशात. प्रश्न आम्हाला आवडला, म्हणून आजचं भाषण त्यावरच.

राजदूत म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशात ठेवलेला आपला माणूस. सोयरीक जमवणारा मध्यस्थ असतो ना, तसाच. इकडचं म्हणणं तिकडे नीट पोचवायचं, तिकडचं इकडे आणायचं आणि मध्ये कोणी काड्या करत असेल तर सांभाळून घ्यायचं. फरक एवढाच की सोयरीक जमली की मध्यस्थ हात धुऊन मोकळा होतो, राजदूताला तसं होता येत नाही. नुसती व्याख्या ऐकून काही लक्षात राहत नाही, म्हणून एका मराठी माणसाची गोष्ट सांगतो. तो आफ्रिकेत गेला होता.

त्यांचं नाव अप्पासाहेब पंत. जन्म १९१२ चा. सातारा भागात औंध नावाचं छोटं संस्थान होतं, सगळी मिळून ७२ गावं. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे अप्पासाहेबांचे वडील. शाळेत आपली लेकरं सूर्यनमस्कार घालतात, त्या सूर्यनमस्कारांचा प्रसार देशभर आणि परदेशातही करण्यात या राजांचा मोठा वाटा होता. अप्पासाहेब इंग्लंडला शिकून बॅरिस्टर होऊन आले. अशा राजपुत्राने पुढे काय करावं? गादीजवळ बसावं, शिकार करावी. पण झालं उलटंच. १९३८ च्या शेवटी राजांनी जाहीर केलं की राज्यकारभार रयतेच्या हातात देतो. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे, गावचे तंटे गावातच मिटवायचे आणि वरचा कारभार निवडलेल्या माणसांनी बघायचा. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षं होती, त्या काळातली ही गोष्ट.

याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची भिंती नसलेली कैद्यांची वसाहत उभी राहिली. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. तो या वसाहतीवरून सुचलेला आहे. कथा लिहिणारे गदिमा त्याच भागातले.

१९४८ साली औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना आफ्रिकेत केनियाला पाठवलं, नैरोबी शहरात. केनिया तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता, म्हणून त्यांना राजदूत न म्हणता आयुक्त म्हणत. काम मात्र तेच.

आता केनियात काय चाललं होतं ते जरा सावकाश सांगावं लागेल, कारण सगळ्या भांडणाचं मूळ जमिनीत आहे आणि जमिनीचं भांडण आपल्याला कोणी शिकवायला नको. केनियाच्या मधल्या भागात उंचावर थंड हवा आहे, पाऊस चांगला पडतो, माती कसदार आहे. ही जमीन इंग्रजांनी गोऱ्या शेतकऱ्यांसाठी राखून ठेवली. तिला नावच 'गोऱ्यांचा डोंगरी मुलूख' अशा अर्थाचं होतं. किकुयू लोक तिथे आधीपासून शेती करत आले होते. त्यांच्यातल्या कित्येकांना आता त्याच मातीत मजूर म्हणून राबावं लागलं. कष्टकरी पुरुषांच्या गळ्यात पत्र्याच्या डबीत एक कागद असायचा, त्याला 'किपांडे' म्हणत. नाव, बोटांचे ठसे, कोणत्या मालकाकडे किती दिवस काम केलं, सगळं त्यात लिहिलेलं. ते जवळ नसलं तर शिक्षा. गळ्यात घंटा बांधल्यासारखंच ते.

आपली माणसंही तिथे होती. १८९६ ते १९०१ या काळात इंग्रजांनी मोंबासाहून आत रेल्वे टाकली, तेव्हा हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यातले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेले. बहुतेक जण परतले, काही राहिले. शिवाय गुजराती, पंजाबी, गोव्याची माणसं व्यापाराला आणि नोकरीला गेली. म्हणजे वर गोरे, मध्ये आपले लोक आणि खाली तिथलेच मूळ मालक. मधल्या पायरीवर बसलेल्या माणसाचं कसं असतं, वरचा लाथ मारतो तेव्हा त्याला दुखतं, पण आपला पाय कोणाच्या डोक्यावर आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. नेहरूंचं सांगणं होतं की आफ्रिकेत तुम्ही पाहुणे आहात, तिथल्या माणसाचं हित आधी बघा. अप्पासाहेबांनी हे मनावर घेतलं. जोमो केन्याटा, म्बियू कोइनांगे अशा आफ्रिकन नेत्यांशी त्यांनी मैत्री केली. भारत सरकारने आफ्रिकन मुलांना इथे शिकायला शिष्यवृत्त्या दिल्या, त्या कामातही ते होते.

या कोइनांगेंनी १९३९ साली गिथुंगुरी गावात शिक्षक तयार करणारं कॉलेज काढलं होतं. सरकारच्या नाही, लोकांच्या पैशावर. आणि तिथे मुलींच्या वसतिगृहासाठी बायकांनी एकत्र येऊन पैसा उभा केला होता. बँक नाही, अनुदान नाही, कर्ज नाही. आम्ही हे वाचलं तेव्हा आपल्या गटांची पहिली वर्षं आठवली, घरच्यांना न सांगता डब्यात ठेवलेले वीस-वीस रुपये. केनियात आजही बायकांचे बचतीचे गट आहेत, भिशीसारखे. त्यांना 'चामा' म्हणतात.

जमीन मिळेना, ऐकून कोणी घेईना, तेव्हा किकुयूंमधल्या काहींनी शस्त्रं उचलली. त्या बंडाला माऊमाऊ म्हणतात. २० ऑक्टोबर १९५२ ला इंग्रजांनी आणीबाणी लावली आणि केन्याटांना पकडलं. गिथुंगुरीचं कॉलेजही बंद केलं. दहा लाखांहून जास्त माणसांना घरं सोडायला लावून काटेरी कुंपणाच्या, पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंडलं. हजाराहून जास्त लोकांना फाशी दिली. बंडखोरांनीही माणसं मारली, ते लपवून चालणार नाही. त्यांच्या हातून मेलेले गोरे रहिवासी ३२ होते, बाकी जीव गेले ते आफ्रिकनांचेच, हजारोंनी.

केन्याटांवर खटला चालला. नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना बचावाच्या मदतीला पाठवलं. तिथले भारतीय वकीलही उभे राहिले, त्यात मूळचे गोव्याकडचे फिट्झ डिसूझा होते. एप्रिल १९५३ मध्ये केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. मुख्य साक्षीदाराने पुढे १९५८ साली सांगितलं की आपली साक्ष खोटी होती आणि तिच्या बदल्यात आपल्याला आमिष दाखवलं होतं.

अप्पासाहेबांची इथे मोठी अडचण झाली. ते गांधींच्या सहवासात घडलेले, मारामारीची बाजू त्यांना घेता येत नव्हती. पण बंड का झालं हे डोळ्यांसमोर होतं, आणि मित्र तुरुंगात होते. त्यांनी आफ्रिकनांशी संबंध तोडले नाहीत. इंग्रज सरकारला ते सलू लागलं, दिल्लीकडे तक्रारी गेल्या. तिथल्या भारतीयांतही दोन मतं होती. आपला धंदा आणि घरदार गोऱ्यांच्या राज्यात आहे, कशाला आगीत हात घालायचा, असं म्हणणारे होतेच, आणि त्यांची भीतीही खोटी नव्हती. शेवटी १९५४ साली अप्पासाहेबांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी आपल्या सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

आमच्या मते ते चुकले नाहीत. गटातला तंटा मिटवायला आम्ही जातो तेव्हा दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं, की ताई, तुम्ही तिच्याच बाजूच्या. पण जिचे पैसे बुडाले तिच्याजवळ दोन मिनिटं जास्त बसलं, तर त्याला बाजू घेणं कसं म्हणायचं? कागदावर सही दोघींचीही लागते, पण रडते ती एकच.

पुढे अप्पासाहेब सिक्कीममध्ये होते. त्याच काळात, १९५९ साली, दलाई लामा तिबेटमधून भारतात आश्रयाला आले. नंतर इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली. १९६७ च्या इस्रायल-अरब युद्धात ते इजिप्तमध्ये राजदूत होते. १९९२ साली ते वारले.

केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. ज्यांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं ते केन्याटाच प्रमुख झाले. त्यांनी लोकांना शब्द दिला 'हरांबे', म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढूया. पण खरं सांगायचं तर पुढे चांगली जमीन बरीचशी सत्तेजवळच्या लोकांच्याच हाती गेली आणि बंडात लढलेली कितीतरी कुटुंबं भूमिहीनच राहिली. छावण्यांतल्या छळाबद्दल इंग्रज सरकारने खेद व्यक्त केला तो २०१३ साली. भरपाई मिळाली ५,२२८ जणांना. तोवर बहुतेकांच्या केसांचा कापूस झाला होता, आणि कितीतरी जण ते ऐकायलाही उरले नव्हते.

जाता जाता एक गंमत. केनियाच्या स्वाहिली भाषेत चहाला 'चाय', पोळीला 'चपाती', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा' आणि हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात. तिथली एखादी बाई उद्या आपल्या बैठकीला आली, तर निम्मं काम दुभाष्याशिवाय होईल.

पुढच्या भाषणात सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची उगवण कशी तपासायची ते पाहू. प्रत्येकीने शंभर दाणे मोजून आणि एक ओलं गोणपाट तयार ठेवा.