गृहसंस्थेंतील कलह

१९१५ सालीं मुंबईस गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था स्थापन झाली, तेव्हां तींतील कुटुंबें एकाच ज्ञातीचीं होतीं. मुळशी तालुक्यांतील मारुंजीस हिंजवडीच्या उद्योगामुळें आज उंच इमारती उभ्या आहेत व त्यांत निरनिराळ्या प्रांतांचीं बिऱ्हाडें एका जिन्याला लागून राहतात. घरांत भांडण झालें तर वडील माणूस समजूत घालतो; येथें तो अधिकार सर्वसाधारण सभेचा, आणि ती बहुधा वर्षांतून एकदां भरते!

तळमजल्यावरील गृहस्थ म्हणतात, लिफ्ट आम्ही वापरीत नाहीं, तिचा खर्च कां द्यावा? आदर्श उपविधींप्रमाणें तो इमारतींतील सर्व सभासदांनीं सारखा सोसावयाचा असतो. पाण्याची आकारणी मात्र नळजोडांच्या संख्येवर व मापावर होते. हे उपविधी कोणी वाचीत नाहीं, म्हणून शेजारी शेजाऱ्यास लबाड ठरवितो.

घर लहान असो वा मोठें, १९६० च्या कायद्यानें सभासदास मत एकच दिलें आहे. पण नुसते हात मोजून लागलेला निकाल हरलेल्यास जाचतो, व तो सहकार न्यायालयाची वाट धरतो. वार्षिक सभेची नोटीस चौदा दिवस आधीं निघते. तेवढ्या अवधींत चिटणीसांनीं तक्रारदाराच्या घरीं जाऊन त्याचें म्हणणें त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावें, आणि अध्यक्षांनीं मतें घेण्यापूर्वीं तें सभेस वाचून दाखवावें, असें आम्हांस वाटतें. चहा पुढें आला तर तोही घ्यावा.