उंच केलेली जीप आणि तिचे शॉकअप

दगडगोट्यांच्या वाटेवर पोट घासू नये म्हणून जीप उंच केलेली आपण पाहतो. जास्त कमानीचे पाटे बसवले की चासी चारपाच सेंटिमीटर वर उचलली जाते. जीप रुबाबदार दिसू लागते. शॉकअप मात्र बऱ्याचदा जुनेच राहतात. मग चाक खड्ड्यात सुटले की 'खट्' असा आवाज येतो आणि काही दिवसांनी शॉकअपमधून तेल गळू लागते. असे का होते?

आधी नावाविषयी. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. पण धक्का झेलतो तो मुख्यतः पाटा. दबलेला पाटा साठवलेली ऊर्जा परत देतो आणि गाडी डोलत राहते. हे डोलणे शमवणे हे शॉकअपचे काम. वर्गात एका स्प्रिंगला वजन टांगून खाली ओढा व सोडा. ते बराच वेळ वर-खाली होत राहील. आता वजन पाण्यात बुडवून तेच करा. थोड्याच फेऱ्यांत ते थांबेल. शॉकअपमध्ये पाण्याच्या जागी तेल असते. दट्ट्या सरकला की तेलाला बारीक छिद्रांतून व झडपांतून वाट काढावी लागते. वेग जितका जास्त, तितका विरोध जास्त. आंदोलनाच्या ऊर्जेची अखेर उष्णता होते. म्हणूनच खडबडीत वाटेवर बराच वेळ चालल्यावर शॉकअप तापतो. तेल तापून पातळ झाले, त्यात फेस झाला, की विरोध घटतो. काही शॉकअपमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात, तो हा फेस रोखण्यासाठी.

आता लांबीचा हिशेब करू. समजा, शॉकअप जवळजवळ उभा आहे आणि गाडी उभी असताना त्याच्या दोन टोकांच्या छिद्रांमधील अंतर ४० सेंमी आहे. चाक वर गेले की ८ सेंमीनंतर रबरी गुटक्यावर आदळते आणि खाली ८ सेंमी सुटते. म्हणजे अंतर ३२ ते ४८ सेंमी या मर्यादेत बदलते. ३० ते ५० सेंमीचा शॉकअप इथे छान चालतो.

गाडी ५ सेंमी उंच केली. नवा पाटाही खाली ८ सेंमीच सुटतो असे धरू. उभ्या गाडीत अंतर आता ४५, चाक पूर्ण सुटल्यावर ५३. जुना शॉकअप ५० लाच संपतो! पुढे चाकाचा सगळा भार त्याच्या दांड्यावर लटकतो. तोच तो 'खट्' आवाज. शिवाय चाक जमिनीपर्यंत पोहोचले नाही, तर त्याला पकड नाही, आणि पकड नाही तर ब्रेकचाही उपयोग नाही.

मग ५४ सेंमीचा घेतला की झाले? नाही. दट्ट्याची धाव वाढली की नळीही वाढते. धाव २० ऐवजी २२ झाली, तर मिटलेली लांबी ३० वरून ३२ होते. गुटका मात्र ३२ वर जेमतेम टेकतो आणि मग आणखी दबतो. तेव्हा शॉकअप आतून ठोकला जाईल, त्याची बैठक तुटेल. उपाय म्हणजे गुटक्याला दोनतीन सेंमीची पक्की बैठक देऊन तो खाली आणणे.

म्हणून अंदाजाने न घेता मोजून घ्यावे. चासी भक्कम टेकूंवर ठेवून (नुसत्या जॅकवर नव्हे) चाक पूर्ण खाली सोडावे आणि अंतर मोजावे. मग अ‍ॅक्सल उचलून गुटका पूर्ण दाबावा आणि पुन्हा मोजावे. दोन्हीकडे थोडी मोकळीक धरावी. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे. रबरी बुशचे बोल्ट शेवटी घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. नाहीतर बुश कायम पिळलेले राहते.

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी दोन गणिते. वस्तुमान तेच असताना स्प्रिंगचा ताठरपणा १.४४ पट केला, तर तितक्याच प्रमाणात शमन मिळवायला शॉकअपचा विरोध १.२ पट लागतो, कारण तो ताठरपणाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. आणि शॉकअप उभ्या रेषेशी ४५ अंश तिरपा बसवला, तर चाकाला मिळणारा विरोध निम्माच होतो. का, ते मुलांना शोधू द्या.

एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने वाहनातील फेरफारांवर बंधने घातली आहेत. पाना हाती घेण्याआधी तेही पाहावे.