ड्रिल मशीन बंद पडलं? नवीन घेण्याआधी हे वाचा : स्टोअर ब्रँडचं स्वस्त मशीन घ्यावं की नाही?

शनिवारची संध्याकाळ. माझा मावसभाऊ ठाण्याच्या मानपाड्यात एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर टीव्हीचं स्टँड बसवत होता. चारपैकी तीन भोकं झाली आणि चौथ्याला ड्रिल मशीनमधून धूर आला. वास असा, की घरमालकांनी आधी खिडक्या उघडल्या. रविवारी त्याची अजून तीन कामं ठरलेली होती : दोन पडद्याचे रॉड आणि एक वॉटर प्युरिफायर. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी तो ही कामं करतो आणि बाईकचा हप्ता त्यातूनच जातो.

रात्री त्याचा मेसेज आला, "नेहमीच्या कंपनीचं मशीन महाग पडतंय. अ‍ॅपवर त्यांच्याच ब्रँडचं बरंच स्वस्त दिसतंय. घेऊ का?"

हा प्रश्न तुम्हालाही कधीतरी पडणार आहे. म्हणून नीट समजून घेऊया.

आधी बघा, मशीन खरंच मेलंय का?

वायरवाल्या बहुतेक ड्रिलमध्ये फिरणाऱ्या भागाला वीज पोहोचवायला कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात. ते घासत राहतात आणि झिजतात. चपलेचा तळ झिजतो तसंच. त्यामुळे लक्षणं ओळखायला शिका.

- मशीन एकदम गप्प : दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. वायर हँडलमध्ये शिरते तिथे वाकून वाकून आतून तुटते. वायर किंवा स्विच बदलणं हे स्वस्तातलं काम आहे.
- थांबत थांबत चालतं, आत ठिणग्या जास्त दिसतात : बहुतेक वेळा कार्बन संपलेला असतो. हार्डवेअरच्या दुकानात जुना तुकडा नमुन्याला न्या, जोडी चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते. दोन्ही एकदम बदला. आणि उघडण्याआधी प्लग काढा, फक्त स्विच बंद करून भागत नाही.
- धूर, जळका वास, नुसतं गुणगुणणं : आर्मेचर किंवा फील्डची वायंडिंग जळालेली असण्याची शक्यता मोठी. इथे खर्च वाढतो.

साधा हिशोब ठेवा. दुरुस्ती नव्या मशीनच्या निम्म्या किमतीपुढे जात असेल, तर नवीन घेतलेलं बरं. भावाचं आर्मेचर गेलं होतं, म्हणजे नवीन घेणं आलंच.

स्टोअर ब्रँड म्हणजे नक्की काय?

दुकान किंवा अ‍ॅप एखाद्या कारखान्याकडून माल बनवून घेतं आणि त्यावर स्वतःचं नाव लावतं. अ‍ॅमेझॉन बेसिक्स, फ्लिपकार्ट स्मार्टबाय ही अशीच नावं. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या सीअर्स या दुकानसाखळीने १९२७ मध्ये 'क्राफ्ट्समन' हे हत्यारांचं नाव नोंदवलं आणि पुढे ते इतकं मोठं झालं, की २०१७ मध्ये स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने ते विकत घेतलं. युरोपात लिडल या सुपरमार्केटचा 'पार्कसाइड' ब्रँड असाच घरोघरी आहे.

म्हणजे स्टोअर ब्रँड म्हणून माल वाईट, असं नाही. जाहिरात आणि वितरकांची साखळी यांचा खर्च वाचतो, म्हणून किंमत उतरते. पण कधीकधी आतला माल हलका असतो, म्हणूनही किंमत उतरते. बाहेरून हे दोन्ही सारखेच दिसतात. फरक ओळखायचा कसा?

वॅटच्या आकड्याला भुलू नका

५०० वॅट म्हणजे मशीन तेवढी वीज ओढतं. ती सगळी बिटपर्यंत पोहोचते असं नाही, काही भाग उष्णतेत जातो. त्यामुळे '८०० वॅट' लिहिलेलं मशीन '५५० वॅट'वाल्यापेक्षा भारी असेलच, याची खात्री नाही.

त्यापेक्षा हे बघा : चक १० मिलिमीटरचा की १३ चा, वेग कमी-जास्त करता येतो का, उलटं फिरतं का आणि इम्पॅक्ट मोड आहे का. यातला एकच पर्याय निवडायचा झाला, तर वेगावरचा ताबा निवडा. टाइलवर सुरुवात हळू करता आली नाही, तर बिट घसरतं आणि टाइल फुटते.

तुमची भिंत कुठली?

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. डोंबिवलीच्या मानपाडा रोडला जुन्या इमारतीत राहत असाल, तर भिंत बहुतेक विटांची असते. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल छान चालतं. पण घोडबंदर रोड किंवा कल्याण-शीळ रस्त्याकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये 'मायवान' पद्धतीच्या भिंती असतात. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं सलग काँक्रीट.

इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवर घासून हादरे देतात. जोर तुम्हाला द्यावा लागतो. काँक्रीटवर तुम्ही दाबत राहता, मोटर तापत राहते आणि शेवटी जळते. चौदाव्या मजल्यावर नेमकं हेच झालं. ब्रँडचा दोष नव्हता, मशीन चुकीच्या कामाला जुंपलं होतं.

काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबावर चालणारा पिस्टन स्वतः ठोके मारतो आणि बिटही वेगळ्या, 'एसडीएस' खाचेचे असतात. महिन्यातून दोनदाच लागत असेल, तर तो भाड्याने आणा.

बॅटरीवालं घ्यायचंय? मोबाईलचं गणित लावा

लिथियम-आयनचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. पाच सेल जोडले की १८ व्होल्ट, आणि फुल चार्जला २१. म्हणजे '१८ व्होल्ट', '२० व्होल्ट मॅक्स' आणि '२१ व्होल्ट' असं लिहिलेली मशीनं बहुतेक वेळा त्याच पाच सेलवर चालतात. काही स्वस्त मशीनवर '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं छापलेलं असतं. ते व्होल्ट नाहीत, फक्त विक्रीची युक्ती आहे.

खरी ताकद काढायची तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा. १८ व्होल्ट आणि १.५ अँपिअर-अवर म्हणजे २७ वॅट-अवर. तुमच्या ५००० एमएएच फोनमध्ये साधारण १९ वॅट-अवर असतात. ड्रिलच्या एवढ्या मोठ्या बॅटरीत फोनच्या दीडपटीहून कमी ऊर्जा!

आणि खरी मेख पुढे आहे. एका ब्रँडची बॅटरी सहसा दुसऱ्याला बसत नाही. दोन वर्षांनी अ‍ॅपने ते मॉडेल बंद केलं, की चांगली मोटर असूनही मशीन भंगारात. म्हणून माझं मत सरळ आहे : स्टोअर ब्रँड घ्यायचा तर वायरवालं मशीन घ्या. बॅटरीवालं हवं असेल, तर ज्याची बॅटरी शहरात सुटी मिळते असं घ्या.

'बाय नाऊ' दाबण्याआधी

१. उत्पादक किंवा आयातदार कोण आणि माल कुठल्या देशातला, हे वाचा. ऑनलाइन विकताना ही माहिती देणं बंधनकारक आहे.
२. एका ताऱ्याचे रिव्ह्यू आधी वाचा. त्यातही 'सहा महिन्यांनी' काय झालं ते.
३. कार्बन जवळच्या दुकानात मिळेल का, विचारा.
४. वॉरंटीतल्या अटी बघा. कार्बन, चक, बिट सहसा त्यात नसतात. काही मशीनवर 'फक्त घरगुती वापर' अशी अट असते. भावासारखे पैसे घेऊन काम करत असाल, तर वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

चौथ्या मुद्द्याला एक दिलासा आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली आणि वापरली, तर तुम्ही ग्राहकच ठरता. मशीन सदोष निघालं आणि कोणी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिलाचा आणि सीरियल नंबरचा फोटो पहिल्याच दिवशी फोनमध्ये ठेवा.

मशीन हातात आलं, की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत त्याला खरं काम द्या. चार-पाच भोकं पाडा. चक डुगडुगतो का, अंग फार तापतं का, जळका वास येतो का, बघा. पहिल्या आठवड्यात कपाटात पडून राहिलेलं मशीन हे सगळ्यात महागडं मशीन.

आणि जुनं मशीन कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत विजेवर चालणारी हत्यारंही येतात. ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

भावाने काय केलं?

रविवारची कामं त्याने मित्राचं मशीन मागून निभावली. सोमवारी वायरवालं, १३ मिलिमीटर चकचं, वेग बदलता येणारं स्टोअर ब्रँडचं ड्रिल मागवलं. काँक्रीटची भिंत असेल तर रोटरी हॅमर भाड्याने आणतो आणि ते भाडं आधीच कामाच्या पैशांत धरतो. आता काम घेताना ग्राहकाला त्याचा पहिला प्रश्न असतो, "भिंत विटांची की मायवानची?"