टाकीत माणूस उतरवणारा मालक कोण?

(लेखमाला : कामाची जागा, कामगाराचा जीव – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात कारखान्यातल्या यंत्रांबद्दल लिहिलं. तिथे मालक कोण, हे सगळ्यांना माहीत असतं. आजच्या लेखातला मालक मात्र स्वतःला मालक समजतच नाही. तो आपल्याच इमारतीत राहतो, सोसायटीच्या कमिटीत सेक्रेटरी किंवा खजिनदार असतो आणि सेप्टिक टँक तुंबली की ठेकेदाराला फोन करतो.

२०१९च्या डिसेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत टाकी साफ करताना तीन मजूर गेले. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये द्यायचा आदेश राज्य सरकारला दिला आणि ती रक्कम जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभाही ठेवली.

एकाच टाकीत दोन-तीन जण का जातात? कारण तिथला वायू. मैला कुजताना हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते, वास थांबतो आणि उतरलेल्या माणसाला वाटतं, हवा सुधारली. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. वरून पाहिलं तर टाकी शांत दिसते, पण आत उतरून गाळ ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम बाहेर पडतो. प्रमाण फार असेल तर एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. वरचा सोबती त्याला काढायला धावतो. तो भाऊ असतो, नाहीतर गाववाला. तोही तिथेच पडतो. सोबत पेट घेणारा मिथेनही असतो. म्हणून हवा तपासायला दिवा किंवा पेटती काडी सोडण्याची जुनी पद्धत भयंकर आहे. तोंडाला रुमाल बांधून तर वायू अडतच नाही.

हे सगळं माहीत असायला हवं ते काम देणाऱ्याला. रोजंदारीसाठी आलेल्या माणसाने वायूचं शास्त्र शिकून यावं, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

कायद्याने यात संदिग्धता ठेवलेली नाही. २०१३च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याचं कलम ७ सांगतं की संरक्षक साधनं आणि खबरदारीशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणालाही, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कामाला लावता येणार नाही. 'अप्रत्यक्ष' या शब्दात ठेकेदार आला, मुकादम आला, तसाच त्यांना बोलावणाराही आला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा अजामीनपात्र. 'आम्ही काम ठेक्यावर दिलं होतं' हे उत्तर मी अनेक सुशिक्षित तोंडांतून ऐकलं आहे. ठेक्यावर काम देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली होती; ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. तरीही केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशभरात ३७७ माणसं गटारं आणि टाक्या साफ करताना मेली.

मग करायचं काय? सक्शन गाडी बोलवायची आणि माणूस खाली पाठवायचाच नाही. घट्ट झालेला गाळ पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने सैल होतो. टाकी वर्षानुवर्षं न उपसल्यामुळेच तो दगडासारखा बसतो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा. गाडी गल्लीत शिरत नाही, ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी लांब पाइप आणि छोट्या गाड्या आहेत. दोन-चार हजार जास्त लागतील. माणूस उतरवण्याशिवाय मार्गच नाही, असं कोणी म्हणालं तर आधी पालिकेकडे जा. गॅस मोजणारं यंत्र, श्वासासाठी हवेचा पुरवठा, अंगाला हार्नेस आणि वर ओढून घेणारी साखळी किंवा चरखी नसेल, तर काम थांबवा.

तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढं विचारा : मागची टाकी कोणी, कशी साफ केली? आणि कुठेही माणूस टाकीत उतरताना दिसला तर त्याला थांबवा. १४४२० हा त्यासाठीचाच मदत क्रमांक आहे.

(पुढील आठवड्यात : उन्हात काम करणारे बांधकाम मजूर)