बोटीची वाट, ग्रिफनची पाठ आणि रविवारचा एक तास

रविवारी रात्री साडेनऊला मी लॅपटॉप उघडते तेव्हा टोरांटोत माझ्या धाकट्या बहिणीकडे दुपारचे बारा वाजलेले असतात (हे उन्हाळ्यातलं गणित, थंडीत एक तास सरकतो). आमच्याकडे बरोबर एक तास असतो. मग ती कामावर जाते आणि मी झोपायला. हा तास आम्ही वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या क्लासिक आवृत्तीत घालवतो. फोनवर आमचं बोलणं ‘जेवलीस का?’च्या पुढे फारसं जात नाही. गेममध्ये जातं, का कोण जाणे.

मध्यंतरी असा एक अख्खा तास गेला आणि त्यात आम्ही एकही शत्रू मारला नाही. मी धक्क्यावर बोटीची वाट बघत होते तेव्हा ती ग्रिफनच्या पाठीवर होती. ती पोचली तोवर माझी बोट सुटलेली. शेवटी ती म्हणाली, ‘ताई, आपण खेळलो की नुसता प्रवास केला?’ आता, गाड्यांचे मार्ग आखणं हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हे जरा लागलंच.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गेम २००४ मध्ये आला आणि जुन्या रूपातली क्लासिक आवृत्ती २०१९ मध्ये. यात कालिमडोर आणि ईस्टर्न किंगडम्स असे दोन खंड आहेत. एका खंडातून दुसऱ्यात जायला बोट किंवा झेपेलिन. खंडातल्या खंडात ग्रिफनवरून उडता येतं, पण तो थांबा आधी एकदा पायी जाऊन गाठलेला हवा. घोडा मिळतो लेव्हल ४० ला. साधा घोडा ६० टक्के जास्त वेगाने धावतो, म्हणून वेळ ६० टक्के वाचेल असं वाटतं. तसं होत नाही. आठ मिनिटांची वाट पाच मिनिटांची होते, बस.

आम्ही अडकलो होतो ती क्वेस्टची साखळी म्हणजे ‘द मिसिंग डिप्लोमॅट’. स्टॉर्मविंडच्या कॅथेड्रलपासून ती सुरू होते, शहरातच इकडून तिकडे फिरवते, डस्कवुडला पाठवते, परत शहरात आणते, मग मेनेथिल हार्बरच्या खानावळीत आणि तिथून समुद्रापार थेरामोरला नेते. घोडा मिळायच्या आधीच ती हाती पडते. बहुतेक टप्पे ‘याला भेट, त्याला निरोप दे’ एवढेच.

एकच साखळी असेल तर क्रम ठरलेलाच आहे. पण तुमच्या यादीत एका वेळी २० क्वेस्ट मावतात. प्रत्येकीचं एक ठिकाण धरलं तरी ती २० ठिकाणं कोणत्या क्रमाने घ्यायची, याच्या शक्यता होतात २४३ वर सोळा शून्यं, साधारण एवढ्या. हाच तो फिरत्या विक्रेत्याचा प्रसिद्ध प्रश्न. मात्र घाबरून जाऊ नका. हेल्ड आणि कार्प यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने २० ठिकाणांसाठी साधारण ४२ कोटी पायऱ्या पुरतात, आणि तेवढं काम तुमचा लॅपटॉप चहा उकळायच्या आत करेल. म्हणजे गणित अवघड होतं म्हणून आमचा तास वाया गेला, असं मला म्हणता येत नाही.

खरं तर एवढाही हिशोब लागत नाही. नकाशाकडे बघा. एका परिसरातली ठिकाणं जवळजवळ असतात, महाग असतो तो समुद्र. तेव्हा मैल मोजूच नका, समुद्र किती वेळा ओलांडला ते मोजा. पलीकडचं जे काही काम असेल ते सगळं गोळा झाल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. ‘जे जवळ ते आधी’ हा नियम इथेच दगा देतो. जवळची कामं संपत जातात आणि लांबची यादीत जागा अडवून बसतात. मग एकेकीसाठी वेगळी फेरी.

त्यात हर्थस्टोन. हा चुलीचा दगड दहा सेकंदांत तुम्हाला तुमच्या ठरवलेल्या खानावळीत परत आणतो, कुठूनही, पण तासातून एकदाच. मार्ग आखणाऱ्यांच्या दृष्टीने ही मोठी विचित्र वस्तू आहे. जायला अर्धा तास आणि यायला दहा सेकंद! आमच्या बऱ्याच सोप्या पद्धती अंतर दोन्ही बाजूंनी सारखं धरतात, त्या इथे चालत नाहीत. नवखे लोक हा दगड चालायचा कंटाळा आला की वापरतात. तो वापरायचा सर्वांत लांबच्या टोकावर. जाताना बोटीने, येताना दगडाने. आणि निघण्यापूर्वी तो कुठल्या खानावळीला बांधलाय हे बघून घ्या. मी एकदा न बघता वापरला आणि भलत्याच खंडात उतरले.

एवढं सगळं मला त्या रविवारीही माहीत होतं. मग चुकलं कुठे? मी एकूण प्रवास कमीत कमी करत होते. आमच्या भाषेत सांगायचं तर उद्दिष्ट फलनच चुकीचं निवडलं होतं. माझ्या प्रबंधात घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारी गाडी आहे. ती रिकामी असताना अर्धा तास उभी राहिली तर फारसं बिघडत नाही, पण नमुना घेतल्यानंतरचा अर्धा तास महाग असतो. मिनिट तेच, किंमत वेगळी. आमच्याकडेही तसंच. मंगळवारी रात्री एकटी ग्रिफनवर बसले तर मी त्या वेळात भांडी घासू शकते, ग्रिफनला माझी गरज नसते. रविवारच्या तासातलं मिनिट मात्र दोघींचं.

म्हणून आता निरोप पोचवायचे टप्पे आम्ही आठवड्यात आपापले उरकतो. फक्त दोघी एकाच टप्प्यावर थांबायचं, पुढे पळायचं नाही. लढाईच्या सर्वांत जवळच्या खानावळीत जाऊन लॉग आउट करायचं. यात माझा एकूण प्रवास वाढला. पूर्वी मी एका बोटीत चार कामं बसवायचे, आता कधीकधी एका कामासाठी समुद्र ओलांडते. कागदावर हा मार्ग वाईटच आहे.

गेल्या रविवारी साडेनऊला आम्ही दोघी थेरामोरच्या खानावळीत उभ्या होतो. हेंडेल नावाचा सैनिक आणि त्याचे दोन साथीदार गावाबाहेर पाच मिनिटांवर. पहिल्यांदा हरलो, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने साथीदारांना लांब गुंतवून ठेवलं आणि मी हेंडेलला धरलं. जिंकलो तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. उरलेली पंचवीस मिनिटं आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसलो आणि तिने मला सांगितलं की ती नोकरी सोडायचा विचार करतेय. समोरून दोन बोटी येऊन गेल्या.