पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला नव्हे!

जुन्या सुट्या भागांतून संगणक जुळविताना प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी याची चौकशी काटेकोरपणे केली जाते. मात्र या सर्वांना वीज पुरविणाऱ्या एसएमपीएसकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात वापरलेला एसएमपीएस घेताना दुकानदार तारेच्या तुकड्याने दोन पिना जोडतो, पंखा फिरू लागतो आणि व्यवहार पूर्ण होतो. प्रत्यक्षात या चाचणीतून एवढेच कळते, की तो सुरू होतो. तो योग्य दाबाची वीज देतो का, भार आल्यावर टिकतो का, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात.

हा भाग बिघडला, की पुष्कळदा एकटा बिघडत नाही. दाब मर्यादेबाहेर वाढल्यास मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही त्याच्यासोबत निकामी होऊ शकतात. मदरबोर्ड पैसे देऊन नवा आणता येतो. डिस्कवरील कौटुंबिक छायाचित्रे, व्यवसायाचे हिशेब किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध बाजारात मिळत नाही. त्यामुळे बसविण्यापूर्वीचा अर्धा-पाऊण तास वाया गेला असे मानण्याचे कारण नाही.

आत काय घडते?

घरातील २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह एसएमपीएसमध्ये शिरताच त्याचे सुमारे ३२५ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर होते. पुढे तो अतिशय वेगाने चालू-बंद करून लहान ट्रान्सफॉर्मरमधून नेला जातो आणि १२, ५ व ३.३ व्होल्ट असे दाब मिळविले जातात. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकानुसार या तिन्ही दाबांत ५ टक्क्यांपर्यंतचाच चढ-उतार चालतो. आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यानंतरही धोकादायक दाब शिल्लक राहू शकतो. म्हणूनच एसएमपीएसचा डबा उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. पुढील सर्व चाचण्या तो न उघडता करावयाच्या आहेत.

आधी डोळे आणि नाक

जाळीतून विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. कपॅसिटरचे माथे सपाट असावेत. ते फुगलेले असतील किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरलेला दिसत असेल, तर पुढे जाण्याची गरज नाही. जळका वास, वितळलेला कनेक्टर, काळवंडलेल्या पिना हीदेखील नापसंतीची पुरेशी कारणे होत. पंखा बोटाने हलकेच फिरवून तो अडखळत नाही ना, हे पाहावे.

काही जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेले लाल बटण असते. ते २३० वर असल्याची खात्री केल्याशिवाय वीज जोडू नये. ११५ वर ठेवून आपल्याकडील वीज दिल्यास क्षणार्धात स्फोटासारखा आवाज होऊन तो निकामी होतो.

लेबल वाचताना डब्यावरील ठळक वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. तेव्हा त्या रकान्यातील अँपिअर पाहून १२ ने गुणावे. डब्यावर ४५० वॅट लिहिले असले आणि १२ व्होल्टला १६ अँपिअरच असतील, तर कामाची शक्ती १९२ वॅटच ठरते.

वीज जोडताना

अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटचाच वापर करावा. अर्थिंग नसल्यास चांगल्या एसएमपीएसच्याही धातूच्या डब्याला हात लावताच मुंग्या येतात आणि दोष नेमका कुणाचा, हे कळत नाही. दुरुस्तीची कामे करणारे कारागीर प्रथम १०० वॅटचा साधा बल्ब एकसरीत जोडून वीज देतात. बल्ब क्षणभर लकाकून मंद झाला तर ठीक. प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्टसर्किट आहे, असे समजावे. हे काम माहीतगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. ही जोडणी पहिल्या क्षणापुरतीच असते. पुढच्या चाचण्या थेट विजेवर कराव्यात.

यानंतर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून, काळे टोक काळ्या तारेच्या पिनेला लावून २४ पिनांच्या कनेक्टरवरील जांभळी तार तपासावी. एसएमपीएस बंद असतानाही येथे ५ व्होल्ट मिळावयास हवेत. ही राखीव वीज नसेल, तर संगणक कधीच सुरू होणार नाही.

आता मागचे बटण बंद करून हिरवी तार आणि शेजारची काळी तार यांच्या पिना जाड तारेच्या तुकड्याने जोडाव्यात आणि बटण पुन्हा सुरू करावे. हिरवी तार म्हणजे १६ क्रमांकाची पिन. अलीकडच्या अनेक एसएमपीएसमध्ये सर्वच तारा काळ्या असतात. अशा वेळी अंदाजाने पिना न जोडता उत्पादकाच्या आकृतीवरून क्रमांक निश्चित करावा. तसेच काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मोजमाप असे करावे

पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६० व्होल्ट, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळावेत. निळ्या तारेवर उणे १२ व्होल्ट असतात. तेथे १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. करड्या तारेवर सुमारे ५ व्होल्ट दिसावेत. सर्व दाब स्थिरावले असल्याचा हा एसएमपीएसने मदरबोर्डला दिलेला निरोप असतो. तो न मिळाल्यास पंखा फिरत असूनही संगणक सुरू होत नाही.

भाराखाली परीक्षा

विनाभार आकडे योग्य असले, तरी खरी परीक्षा पुढेच असते. सुकत आलेले कपॅसिटर रिकाम्या स्थितीत व्यवस्थित वागतात आणि भार येताच दाब कोसळतो. उलटपक्षी, काही जुने एसएमपीएस थोडा भार असल्याशिवाय स्थिर चालतच नाहीत.

यासाठी मोटारीतील १२ व्होल्ट, २१ वॅटचे दोन बल्ब जुन्या हार्ड डिस्कच्या चार पिनांच्या कनेक्टरवरील पिवळ्या आणि काळ्या तारांना जोडावेत. प्रत्येक बल्ब पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो. बल्ब अतिशय तापत असल्याने ते फरशीवर, कागद आणि प्लास्टिकपासून दूर ठेवावेत. ५ व्होल्टला भार म्हणून निरुपयोगी झालेली हार्ड डिस्क जोडता येते. पंधरा-वीस मिनिटे सर्व दाब अधूनमधून मोजावेत. आकडा एका जागी राहिला तर उत्तम. तापत जाईल तसा तो सतत घसरत असेल, तर मर्यादेच्या आत असूनही तो एसएमपीएस नाकारणे शहाणपणाचे ठरते. शिटीसारखा आवाज, वास किंवा मध्येच बंद पडणे हीदेखील तीच सूचना होय.

या चाचणीलाही मर्यादा आहेत. विजेतील सूक्ष्म तरंग मल्टिमीटरवर दिसत नाहीत. १२ व्होल्टवर ते १२० मिलिव्होल्टपेक्षा जास्त नसावेत असे मानक सांगते, पण ते मोजण्यास ऑसिलोस्कोप लागतो. शिवाय सुमारे ४० वॅटचा भार म्हणजे जोरकस ग्राफिक्स कार्डच्या मागणीचा लहानसा अंश. त्यामुळे अशा कार्डासाठी, किंवा अविरत चालणाऱ्या संगणकासाठी, नवा एसएमपीएस घेणेच इष्ट.

बसविताना दोन पथ्ये

सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल, तर त्याच्या मूळ केबलीच वापराव्यात. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची निराळी असू शकते. कनेक्टर बिनतक्रार बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन डिस्क जळते. दुसरे, पहिल्यांदा संगणक सुरू करताना महत्त्वाची डिस्क जोडू नये. मदरबोर्ड आणि रॅमवर काही काळ संगणक चालवून, बायोसमध्ये दिसणारे दाब पाहून मगच ती जोडावी. तत्पूर्वी तिच्यावरील माहितीची दुसरी प्रत काढलेली असावी.

नापास झालेला एसएमपीएस कचऱ्यात टाकू नये, ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावरही ठेवू नये. तो अधिकृत ई-कचरा संकलन केंद्राकडे द्यावा. अन्यथा तोच डबा पुसूनपासून पुन्हा एखाद्या दुकानात येतो आणि पंखा फिरतो एवढ्या भांडवलावर दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकात जाऊन बसतो.